पाटावरची कोयती

रघू पडवीत यायला तयार नव्हता. खालच्या पायरीवरच टेकला आणि टोपी काढून मांडीवर ठेवली.

"वर बस रे," हेमावहिनी म्हणाल्या.

"हितंच बरा हाय, वैनी."

या घरी गडी होता तेव्हाही तो कधी पडवीच्या आत आला नव्हता. आता तर तुरुंगातून सुटून आलेला. त्याला आग्रह तरी किती करायचा? वहिनींनी तांब्या आणि गुळाचा खडा पुढे ठेवला. अंगणात आंब्याच्या पेट्या ठोकणारे गडी हात थांबवून बघत होते. बघणारच. नवऱ्याला कोयतीने मारणाऱ्याला बाई गूळपाणी देतेय, असं आरे-वारेच्या रस्त्यावर रोज थोडंच दिसतं.

'खंडेनवमीचा खून' अजून कुणी विसरलेलं नाही. परवाच दोन पोरं काठीला मोबाइल लावून व्हिडिओ करायला आली होती. चारुदत्त नेमके कुठे पडले होते, ती जागा दाखवा म्हणाली. वहिनींनी कुत्रं सोडलं अंगावर.

चारुदत्त मोठे बागायतदार. बायकोवर हात उचलायला त्यांना निमित्त लागत नसे, हे सगळ्या वाडीला ठाऊक होतं. पण मेलेल्या माणसाबद्दल वाईट कोण बोलतं? रघूची बायको काशी बाळंतपणात गेली, तेव्हा वहिनींचा मुलगा शार्दूल अंगावर पीत होता. त्यांनी रघूच्या मनस्वीलाही पदराखाली घेतलं. गड्याची पोर पाजली म्हणून नवऱ्याचा मार खाल्ला, पण पोर जगवली. रघू तुरुंगात गेल्यावर तिला घरीच आणलं, शिकवलं, नर्स केलं. बाई नव्हे, देवी आहे, असं लोक म्हणत. ते कानावर पडलं की वहिनी उठून आत जात.

"पोरीचं कन्यादान करायचा हाय मला," रघू म्हणाला. "पण पोरीच्या सासरची, दाभोळची माणसं म्हणतात, खुन्याचा हात नको. वैनींनी मांडवात सगळ्यांदेखत माफ केलं म्हणून सांगितला, तरच मला उभा करतील."

"मनस्वीने पाठवलं तुला?"

"नाय. तिला म्हायतच नाय मी आलोय त्या."

वहिनींनी तांब्या त्याच्याकडे सरकवला. मग म्हणाल्या, "तुला काही आठवतं का रे त्या दिवसाचं?"

"काय आठवणार? प्यायलेला होतो. कोर्टातपण त्याच सांगितला. कोयती माझी, म्हणजे मीच मारला."

मरताना काशीने त्याला दारू न पिण्याची शपथ घातली होती. ती त्याने नेमकी त्याच दिवशी मोडली, याची सगळ्यांनाच हळहळ वाटली होती.

कोयती त्याचीच होती, मुठीला निळी दोरी गुंडाळलेली. कोर्टात वहिनींना एवढंच विचारलं, ही कुणाची? रघूची, त्या म्हणाल्या. त्यात खोटं काही नव्हतं. खंडेनवमीला गड्यांच्या कोयत्या-कुदळी घासूनपुसून देवघरात पाटावर मांडतात, आणि पूजा झाली की दसरा होईपर्यंत त्यांना कुणी हात लावत नाही. मुंबईच्या वकिलाला हे कुठून माहीत असणार? वाडीला माहीत होतं, पण प्यायलेल्याला कसली पूजा न् कसलं काय, असं म्हणून वाडीनेही सोडून दिलं. वहिनींच्या पदराशी दोन पोरं होती. त्या काही बोलल्या नाहीत.

"किती वर्षं झाली रे," वहिनी म्हणाल्या. "एक रात्र धड झोप नाही मला. जेवायला बसले की तुझं तुरुंगातलं ताट डोळ्यांपुढे येतं."

"माझा कशाला? माझा चाललेला बरा. तुम्ही मांडवात दोन शब्द बोला, बास. माझी एवढीच हौस राहिलीय."

"मी नाही म्हणणार, माफ केलं म्हणून."

रघूने मान खाली घातली. टोपी झटकली, डोक्यावर ठेवली आणि गुडघ्यावर हात टेकून उठला. "बरा. तुमचाही बरोबरच हाय म्हणा."

"थांब." वहिनी पायऱ्या उतरून खाली आल्या. आज कितीतरी वर्षांनी त्या त्याच्यासमोर, त्याच्याच पायरीवर उभ्या होत्या. "तो शब्द माझ्या तोंडात यायचा नाही रे, रघू. तो तू म्हणायचास, मी नाही. मी पापी आहे. देवघरातल्या पाटावरून ती कोयती तू उचललीच नव्हतीस."

रघूने वळून अंगणाकडे पाहिलं. गडी पुन्हा पेट्या ठोकायला लागले होते.

"हळू बोला, वैनी," तो म्हणाला. "त्या दिवशी मी प्यायलेला नव्हतो."