चंपीचं गाणं

"बघा दसरूकाका, कुणी शिकवलेलं नाही हे," डॉ. केतकी साबडे कौतुकाने म्हणाल्या. "रोज एकजण मधे झोपतो आणि बाकीचे त्याच्यावर पाला टाकतात. रोज पाळी बदलते."

हत्तीची सात पिल्लं गोल करून उभी होती. आठवं मधे आडवं होतं. आठही पिल्लं प्रयोगशाळेतल्या कृत्रिम गर्भाशयांत वाढलेली. मोठी हत्तीण त्यांनी कधी पाहिलीच नव्हती. जगातली शेवटची हत्तीण चंपी ही पिल्लं जन्मण्याआधीच गेली होती, आणि दसरू तलांडी तिचा माहूत होता.

त्याने बराच वेळ पाहिलं. "गर्भात यांना काय ऐकवलंत?"

"चंपीचा आवाज. बावीस महिने, दिवसरात्र. तिच्या एका टेपवर तुम्हीच 'गाणं' अशी चिठ्ठी लावली होती ना? तीच टेप."

दसरूने कुंपणाच्या फाटकाची कडी काढली.

"आमच्या कॅम्पात हत्ती रडतो असं म्हणत नाहीत, बाई. अपशकुन होतो. आम्ही 'गातो' म्हणतो. चंपीचं पिल्लू मेलं, तेव्हाचा आवाज आहे तो. तीन दिवस ती त्याच्यावर पाला टाकत होती."

डॉक्टर धावत आत शिरल्या. पानांखाली सगळ्यांत धाकटी चिमी होती. डोळे उघडे होते.

"चिमी! ऊठ!"

चिमीने कान हलवला. मग चूक लक्षात आल्यासारखा तिने तो हळूच पुन्हा स्थिर केला.