पाळण्यावरची तसबीर

“डावी बाजू जरा वर घे,” पास्कल म्हणाले. एल्रॉयनं तसबिरीची डावी बाजू जरा वर घेतली. खिळा पाळण्याच्या बरोब्बर वर ठोकला होता.

“तिथं नको म्हटलं ना मी,” पलंगावरून जोआना म्हणाली. बाळ तिच्या मांडीवर दूध पीत होतं, त्यामुळे तिला उठता येत नव्हतं आणि आवाजही चढवता येत नव्हता.

नवऱ्यानं, एल्रॉयनं, ऐकलं नाही; सासऱ्यांनी, पास्कलनीही नाही. रविवारी बाळाचा बाप्तिस्मा होता. निर्मळचं अर्धं गाव जेवायला येणार होतं. तसबीर सासूबाईंच्या बहिणीनं थेट रोमच्या यात्रेहून आणली होती आणि सकाळी चर्चमध्ये मिस्सा झाल्यावर फादरांनी तिच्यावर पवित्र पाणीही शिंपडलं होतं. अशी तसबीर पाळण्यावर नाही लावायची तर काय मोरीत लावायची, असं पास्कलनी आधीच विचारलं होतं.

सासूबाई, मार्गारेट, दारात उभ्या राहून कौतुकानं बघत होत्या.

“मम्मी, तुम्हाला त्यात काय दिसतं?” जोआनानं विचारलं. कॉलेजात ती चित्रकलेचा इतिहास शिकवायची, सध्या रजेवर होती. वाचून न आलेल्या मुलांसाठी राखलेला आवाज आपसूक लागला.

मार्गारेटनं चष्मा पदराला पुसला. “मरियामाता आहे. बाळ दूध पिऊन झोपलंय. हात जोडून देवाला सांगते, झोपलं बाबा एकदाचं, आता मला दोन घास खाऊ दे.”

एल्रॉय हसला. जोआनाला हसू येता येता राहिलं. तिचं दुपारचं ताट अजून स्वयंपाकघरात झाकलेलंच होतं.

“आणि कोपऱ्यात बुलबुल आहे,” पास्कल म्हणाले. “आपल्या केळफुलांवर येतात ना, तसला.”

“बुलबुल नाही डॅडी तो. तिकडचा वेगळा पक्षी आहे, काटेरी झुडपांवरचा. ख्रिस्ताच्या कपाळातला काटा उपटताना त्याच्या तोंडाला रक्त लागलं, अशी कथा आहे. म्हणून तोंड लाल.” आता तिला थांबवेना. “बाळाच्या खाली बघा. गादी दिसते? दगड आहे तो. ख्रिस्ताचं शव क्रुसावरून उतरवल्यावर ज्याच्यावर निजवतात, तो दगड. आणि हात बघा, कसा खाली लोंबतोय. त्या काळात असं निजलेलं बाळ काढलं की ते नुसतं निजलेलं नसायचं. मोठेपणी त्याचं काय होणार, ते त्यात काढलेलं असायचं. त्या आईला ते माहीत आहे. म्हणून तिनं हात जोडलेत. जेवायला मिळावं म्हणून नाही.”

“बापरे,” एल्रॉय म्हणाला. “आम्हाला नुसतं बाळ दिसत होतं गं.”

“चित्र सुंदरच आहे. मी वर्गात तासभर बोलते असल्या चित्रांवर. हॉलमध्ये लावा, जिन्यात लावा. माझ्या मुलाच्या डोक्यावर नको.”

“आशीर्वादाची तसबीर एकदा लावली की उतरवायची नसते,” पास्कल म्हणाले. “त्यात बाप्तिस्मा तोंडावर.”

“मग फादरांना विचारा आणि तुमच्या खोलीत लावा.”

“जोआना,” एल्रॉय म्हणाला.

“काय जोआना? सकाळपासून सांगते. एकानं तरी ऐकलं?”

“हे बघ बाय,” मार्गारेट समजुतीनं म्हणाली, “तू शिकलेली, तुला जास्त कळतं. पण हाताचं काय घेऊन बसलीस? पोट भरलं की पोरं अशीच ढिली पडतात. तुझाच बघ.”

जोआनानं खाली पाहिलं. बाळानं तोंड कधी सोडलं ते तिला कळलंच नव्हतं. ते झोपलं होतं. डावा हात दुपट्यातून निसटून तिच्या गुडघ्यावरून खाली लोंबत होता, बोटं अर्धवट उघडी.

तिनं तो हात इतक्या झटक्यात वर ओढला की बाळ दचकलं आणि टाहो फोडून रडायला लागलं. तिनं त्याला खांद्याशी धरलं.

“दे इकडे,” एल्रॉय पुढे झाला.

“नको. रडू दे,” ती म्हणाली. “रडू दे त्याला.”

मार्गारेटनं सुनेकडे पाहिलं. मग तसबिरीकडे.

“एल्रॉय, उतरव ती.”

“मम्मी, आत्ता तर लावली.”

“उतरव म्हटलं. माझ्या खोलीत लावू.”

“आणि या खिळ्याला काय टांगू?” पास्कलनी विचारलं. “माझी टोपी?”

“टांगा टोपी. फादरांकडून पाणी मारून आणा आधी.”

आशीर्वादाची वस्तू जमिनीला टेकवायची नाही म्हणून एल्रॉयनं तसबीर पलंगावर आडवी ठेवली. पास्कल हातोडी घेऊन पुटपुटत बाहेर गेले. मार्गारेटच्या खोलीत दुसरा खिळा ठोकेपर्यंत तसबीर तिथल्या कपाटावर झाकून ठेवायची होती. मार्गारेटनं धुतलेल्या दुपट्यांतलं एक जाडसर उचललं आणि तसबिरीच्या खालच्या बाजूनं वर घेतलं. दगड झाकला गेला. पक्षी झाकला गेला. लोंबता हात आत गेला. चित्रातल्या बाळाच्या हनुवटीपाशी येऊन ती थांबली आणि दोन्ही बाजूंनी दुपटं खाली खोचायला लागली.

खांद्यावरचं बाळ आता नुसते हुंदके देत होतं. जोआनाचा वैताग अजून पुरता उतरला नव्हता.

“मम्मी, काच आहे ती. अर्धी काय गुंडाळता? वरपर्यंत घ्या.”

“तोंडावरनं नाय घ्यायचं,” मार्गारेट म्हणाली, आणि तसबीर आडवीच, दोन्ही हातांवर धरून, हळूहळू आपल्या खोलीकडे गेली.