सासूबाई दमणला

मोरव्याच्या रसिकाने मैत्रिणींबरोबर गाडीने दमणला जायचा बेत केला होता. सासूबाईंना, पार्वतीबाईंना, नणंदेकडे ठेवायचं ऐनवेळी फिसकटलं आणि त्यांनाही सोबत घ्यावं लागलं. गुजरातची हद्द ओलांडली तरी गाडीत कुणी मोकळेपणाने हसेना. रसिकाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दमणला पोहोचल्यावर कपडे भिजतील म्हणून मैत्रिणी वाळूतच थांबल्या. पार्वतीबाईंनी मात्र लुगडं खोचलं आणि थेट कमरेभर पाण्यात शिरल्या. "या गो पोरींनो, पानी काय खात न्हाय!" मग संध्याकाळपर्यंत कुणी बाहेर आलंच नाही.

दुसऱ्या दिवशी त्या मैत्रिणींतल्या सुचेताचा रसिकाला फोन आला.



"पुढच्या महिन्यात परत जातोय. आईंना विचारून तारीख सांग. तुला सुट्टी नसेल तर राहू दे, त्यांना आम्ही घ्यायला येऊ."