चिमूटभर मीठ

सभागृहाच्या दारातच बाबांनी तिला थांबवलं. कोटाची बाही किंचित लांब वाटत होती. जन्मभर शिवणकाम केलेल्या हातांनी त्यांनी ती तिथेच आत दुमडली, टाचणी लावली आणि मगच लेकीला पुढे सोडलं.

हार्मोनवर संशोधन करणाऱ्यांच्या संस्थेचा त्या वर्षीचा सन्मान तिला मिळत होता. अध्यक्षांनी तिचं काम सोप्या भाषेत सांगितलं. मूत्रपिंडांच्या माथ्यावर दोन इवल्या ग्रंथी असतात. त्यांचं हार्मोन कमी पडलं की अंगातलं मीठ लघवीवाटे निघून जातं. मूल मलूल होतं, सारखं मीठ मागतं आणि साध्या तापातही दगावू शकतं. हे बाळाच्या रक्ताच्या थेंबावरून आधीच ओळखायची चाचणी तिने शोधली होती.

या विषयाकडे कशा वळलात, असं त्यांनी विचारलं. दुसऱ्या विभागात जागाच नव्हती, असं ती म्हणाली. सभागृह हसलं. पहिल्या रांगेतले बाबाही हसले.

ते खोटं होतं.

तिला एक मोठा भाऊ होता. दादा येता-जाता बरणीत बोट घालून मीठ चाटायचा आणि आईची बोलणी खायचा. त्याला बोलणी बसली की रडायची मात्र ही. एकदा तो तापाने पडला. जेवण जाईना, मीठ तेवढं मागत राहिला. आईने बरणी शोधली, ती कुठेच नव्हती. आजारपणात कसले हे हट्ट, म्हणून ती शेजारी मागायला गेली नाही. पहाटे तो गेला.

बाबांनी मग आपल्या कपाटातून बरणी काढून आईसमोर ठेवली. मीच कुलपात ठेवली होती, म्हणाले. त्यानंतर आई मरेपर्यंत त्यांच्याशी कामापुरतंच बोलली.

पुढे शिकताना तिला कळलं, ते मीठ पोटात गेलं असतं तर दादा कदाचित वाचला असता. तेव्हापासून तिने घरी आपल्या कामाबद्दल चकार शब्द काढला नव्हता. आज सगळं बाबांच्या कानावर पडलंच.

परतताना गाडीत ते म्हणाले, “दादाला हेच झालं होतं ना?”

तिने गाडी कडेला घेतली. “हो.”

“मीठ मिळालं असतं तर?”

“काही फरक पडला नसता, बाबा. आजार फार पुढे गेला होता. तुम्ही बरणी कुलपात ठेवलीत म्हणून नाही गेला तो.”

बाबांनी तिच्याकडे निरखून पाहिलं. “बरणीचं तुला एवढंच आठवतं?”

“तेवढंच. लहान होते ना मी.”

“हो. चिमुरडी होतीस.” त्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. “चल, निघूया.”

तिचे डोळे भरून आले. इतक्या वर्षांनी का होईना, बाबांच्या मनावरचं ओझं उतरलं, असं तिला वाटलं.

बाबा खिडकीबाहेर बघत राहिले. दादा गेला त्या सकाळी बरणी त्यांना तिच्या बाहुल्यांच्या पेटीत सापडली होती, तिच्याच फ्रॉकात गुंडाळलेली; आणि आईच्या नजरेस पडायच्या आत त्यांनी ती आपल्या कपाटात ठेवून कुलूप लावलं होतं.