मालकाला विचारलं होतं का?

मूल्यशिक्षणाचा तास तेव्हा नवीनच सुरू झाला होता आणि चाळीसगावजवळच्या आमच्या गावात मोतीलाल गुरुजी तो अगदी रंगून घेत. "विचारल्याशिवाय दुसऱ्याच्या वस्तूला हात लावायचा नाही," हे त्यांनी चौथीच्या पोरांकडून इतकं घोकून घेतलं होतं की पोरं ते झोपेतही बडबडत.

थंडीत शाळेचं वनभोजन ठरलं. भरीत-भाकरीचा बेत. कुणी पीठ आणणार, कुणी मिरच्या, कुणी कांद्याची पात. वांग्यांचा विषय निघाला तसे गुरुजी हळहळले. "माझ्या मळ्यातली तर यंदा बठ्ठी, एकूण एक वांगी किडली रे! तुम्हीच बघा कुठून मिळतात ते."

वनभोजनाच्या दिवशी पोरं पाटी भरून हिरवीगार वांगी घेऊन आली. पऱ्हाट्यांच्या जाळावर ती भाजली, लाकडी बडगीत कुटली. गुरुजींनी पुन्हा पुन्हा मागून भरीत खाल्लं, बोटं चाटली आणि मग कुठे त्यांना मूल्यशिक्षण आठवलं. डोळे वटारून म्हणाले, "काय गं कस्तुरा, एवढी ताजी वांगी तोडली कुठून? मालकाला विचारलं होतं का?"

"मालक भेटले नाहीत, गुरुजी, म्हणून मळ्यातल्या बुजगावण्याला विचारलं. त्याच्या अंगात तुमचाच तो जुना रेघांचा सदरा होता. ते नाही म्हणालं नाही, अन् वांगी किडली असंही म्हणालं नाही."