येण्याजाण्याचा खर्च

बाळांनो, कल्पना करा, तुमच्याच वयाची एक मुलगी स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी बसली आहे. तिला आई नाही. बाबा दिवसभर चष्म्याच्या दुकानात काचा घासतात, त्यामुळे शाळेतून आल्यावर तिला दार उघडते ती ताईच. आता ताईला दूरच्या शहरात, दातांच्या डॉक्टरांच्या कॉलेजात प्रवेश मिळाला आहे.

"कर्ज दहा वर्षांत फिटेल एवढंच काढायचं," बाबा म्हणाले. "त्याहून जास्त काढलंस, तर लोकांचे दात बसवता बसवता तुझेच पडतील."

"मग माझे मी फुकटात बसवीन," ताई म्हणाली.

दोघांनी मिळून पाच वर्षांचा खर्च कागदावर मांडला. फी, वसतिगृह, पुस्तकं, उपकरणं. बेरीज बाबांनी ठरवलेल्या आकड्याच्या वर गेली. ताईने 'सुट्टीत घरी येणं-जाणं' या ओळीवर रेघ मारली.

"आता बसतंय," ती म्हणाली. "फोन आहेच की."

बाबा उठून गॅलरीत गेले. ताई आपल्या खोलीत गेली.

धाकटीने कागद उलटला. मागच्या बाजूला बाबांनी यंदाचा घरखर्च लिहिला होता.


त्यातली 'धाकटीच्या वेड्यावाकड्या दातांना तार' ही ओळ तिने खोडली आणि तिथे लिहिलं, 'ताईची तिकिटं'.