चार इंच

कुकरची शिट्टी झाली आणि तासभर मोबाइलमध्ये बुडालेल्या नवऱ्यानं तोंड उघडलं. "पिकअप उंच करायचं किट चार इंचाचंच घेऊ. गाडी कशी रुबाबदार दिसेल."

"खड्ड्यांना दोन इंच पुरे, मेकॅनिकच म्हणाला ना?"

"दोन इंचाला आमच्या पिकअपवाल्या ग्रुपमधले हसतील."

मी लाटणं आपटलं. "टायर मोजलेत, स्प्रिंगा मोजल्यात. पोरीचा पाय मोजलात? पायाला आधाराचा कॅलिपर लावून त्या गाडीत एकटीनं चढायला वर्ष लागलंय तिला."

"त्यात काय, मी उचलून ठेवीन."

"तिला नकोय उचललेलं. कळतंय का तुम्हाला?"

त्यांनी स्क्रीनवर बोट टेकवलं. "झाली ऑर्डर."

लेक दारातच उभी होती. मी वाकून तिच्या कॅलिपरचा पट्टा उगाच नीट करत राहिले.

"आई, मी एकटी चढते ते बाबांना आवडत नाही का गं?"